नव्या यंत्रांचे शिक्षण आणि आपली मुले
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपण सुतारांची लेकरे. आजोबा-पणजोबांच्या वाकस-रंध्यावर आपली घरे चालली. पुढे शिक्षण आले आणि हत्यारे माळ्यावर गेली. ते वावगे झाले असे आम्ही शिक्षकाने कसे म्हणावे? परंतु यंत्राला हात लावावा तो इंजिनिअरनेच, असा जो समज आपल्या समाजात दृढ झाला आहे (वधूवर मेळाव्यात तर त्याच पदवीची पृच्छा!), तो निराधार आहे, असे आमचे नम्र मत आहे.

१९९८ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेत प्रा. नील गेर्शेनफेल्ड यांनी, जवळजवळ कोणतीही वस्तू स्वतः कशी बनवावी, हे शिकविणारा वर्ग काढला. अपेक्षा मोजक्या विद्यार्थ्यांची होती. आले शंभराच्या आसपास, आणि त्यांत यंत्रशास्त्राचा गंध नसलेले पुष्कळ. एका शिल्पकार विद्यार्थिनीने तर आपली किंकाळी कोंडून ठेवणारी व मागाहून सोडणारी पिशवी बनविली! उपयोग काय, ते देव जाणे. पण बनविली तिने स्वतः.

त्या वर्गातून ‘फॅब लॅब’ची कल्पना निघाली, आणि एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी एक २००२ मध्ये आपल्या पुणे जिल्ह्यातील पाबळ गावी उभी राहिली. तेथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापिला होता. शाळा सुटलेल्या मुलांना वेल्डिंग, बांधकाम, शेती ही कामे करता करता विज्ञान शिकवावे, ही त्यांची रीत. त्यामुळे नवी यंत्रे आली तेव्हा ती वापरण्यास हात आधीच तयार होते.

या यंत्रांत आपल्या कुळास जवळचे ते लेझरयंत्र. संगणकावर रेघ काढावी. किरण त्या रेघेवरून प्लायवूड जाळीत कापीत जातो. परंतु करवत जसे लाकूड खाते, तसा किरणही मिलिमीटरचा एकदोन दशांश भाग खातो. तो हिशेब न धरल्यास खाचेत कुसू ढिले बसते. शिवाय ६ मि.मी. म्हणून घेतलेले प्लायवूड नेमके तेवढेच भरेल असे नाही. आधी मोजावे लागते. ही दृष्टी पदवीने येत नाही, ती आपल्या वृद्ध कारागिरांपाशी आहे. पीव्हीसी मात्र या यंत्रात कदापि घालू नये. विषारी वायू सुटतो.

शासनाने २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब योजनेतून शाळांना अशा प्रकारची साधने देण्यास आरंभ केला. आपल्या पाल्याच्या शाळेत ती असल्यास खोलीची किल्ली कोणापाशी असते, एवढी चौकशी पालकांनी अवश्य करावी.

आता मंडळास विनंती. आपला शिक्षणनिधी केवळ गुणवंतांच्या पारितोषिकांत खर्च होतो. त्यातील निम्मी रक्कम दहावी-बारावीत मागे पडलेल्यांस अशा कार्यशाळांत पाठविण्याकडे वळवावी, आणि यादीत मुलींची नावे आधी घ्यावीत. त्यांच्या हाती रंधा आपण कधी दिलाच नाही. देणगीदारांच्या नावची काही पारितोषिके यामुळे बंद होतील व काही मंडळी रुष्ट होतील, हे आम्ही जाणतो. तथापि ठराव आजच मांडण्यास आम्ही सिद्ध आहो. अनुमोदन देऊ इच्छिणारांनी सभा उठण्यापूर्वी आपले नाव चिटणीसांस कळवावे.