पीकविमा आणि बहात्तर तास

2020च्या खरिपात धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यात काढणीला आलेले सोयाबीन अतिवृष्टीने पाण्यात गेले. 72 तासांत मोबाइल अ‍ॅप वा फोनवरून सूचना दिली नाही, म्हणून 3 लाखांहून अधिक शेतकरी भरपाईवाचून राहिले. रेंज नाही, वीज नाही, बांधावर गुडघाभर चिखल. सूचना द्यावी कशी? मे 2022 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, पण तोवर दोन पेरण्यांची कर्जे झाली होती.

पुढे 2023 मध्ये एक रुपयात विमा आला, अर्ज वाढले. 2025च्या खरिपात तो बंद होऊन अन्नधान्य-तेलबियांना दोन टक्के हप्ता लागला, तेव्हा अनेकांनी पाठ फिरवली. यास आळस म्हणणे अन्यायाचे. शेजाऱ्याला भरपाई मिळाली का, एवढेच शेतकरी पाहतो. त्याच खरिपापासून राज्यात भरपाई केवळ पीककापणी प्रयोगांवर ठरू लागली. सप्टेंबरात परंडा-भूमकडे शेते खरवडून निघाली, तेव्हा वैयक्तिक सूचनेची सोयच उरली नव्हती.