काळे प्लॅस्टिक आणि दख्खनचे ऊन



मोटारीच्या निगेचा विषय निघाला की बहुतेकांचे लक्ष रंगाची चकाकी, इंजिनातील तेल आणि चाकांतील हवा यांकडे जाते. परंतु गाडी चार-पाच उन्हाळे उघड्यावर उभी राहिली म्हणजे तिचे वय प्रथम दिसून येते ते तिच्या बाहेरील काळ्या प्लॅस्टिकवर. पुढचा व मागचा बंपर, चाकांवरील कमानींची किनार, दारांवरच्या पट्ट्या, आरशांच्या बैठका आणि समोरच्या काचेच्या पायथ्याशी असलेली जाळी, हे सारे भाग आरंभी गर्द काळे असतात. पुढे ते राखी होतात, मग पांढुरके पडतात आणि हात फिरविला तर बोटांना खडूसारखी भुकटी लागते. हैदराबादसारख्या शहरात हे फार लवकर घडते. ते का घडते आणि ते लांबणीवर टाकण्यासाठी सामान्य गृहस्थास काय करता येईल, याचा विचार आज करावयाचा आहे.

जुन्या मोटारींना हा रोग ठाऊक नव्हता. चौमहल्ला राजवाड्यात निजामांची १९१२ सालची पिवळी रोल्स-रॉइस आजही पाहावयास मिळते. तिच्यात पितळ आहे, पोलाद आहे, लाकूड आहे, चामडे आहे. या पदार्थांचा एक गुण असा की, वरचा थर मलिन झाला तर तो घासून काढता येतो आणि खाली मूळ पदार्थ तसाच सापडतो. अँबॅसडर आणि फियाट यांचे क्रोमचा मुलामा दिलेले बंपरही रविवारी सकाळी घासले की आरशासारखे चमकत. १९८३ च्या डिसेंबरात मारुतीची छोटी गाडी आली आणि त्यानंतरच्या काळात लोखंडी बंपराची जागा हळूहळू प्लॅस्टिकने घेतली. प्लॅस्टिक हलके असते, गंजत नाही आणि लहानसा धक्का बसला तर दबून पुन्हा पूर्ववत होते. हे त्याचे मोठेच गुण आहेत. मात्र घासून नवे करता येण्याचा धातूचा गुण त्याच्या ठायी नाही. प्लॅस्टिकच्या निगेचे सारे शास्त्र या एका भेदातून निघते.

आजच्या बहुतेक बंपरांचे प्लॅस्टिक मुख्यतः पॉलिप्रोपिलीन या जातीचे असते. १९५४ साली मिलान येथील रसायनशास्त्रज्ञ ज्युलिओ नात्ता यांनी त्याचे कणखर, स्फटिकी रूप सिद्ध केले आणि १९६३ साली कार्ल त्सीग्लर यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या पदार्थाचे रेणू म्हणजे कार्बनच्या अतिशय लांब साखळ्या होत. बंपरासाठी त्यात रबरासारखा लवचिक पदार्थ मिसळतात, ताठपणा यावा म्हणून शंखजिऱ्याची पूड घालतात आणि काळ्या रंगासाठी काजळी घालतात. काजळीचे काम केवळ रंगाचे नव्हे. सूर्याचे अतिनील किरण ती स्वतः शोषून घेते आणि साखळ्यांचे रक्षण करते. यांशिवाय उन्हाचा मारा थोपविणारी काही रक्षक द्रव्येही कारखान्यात मिसळलेली असतात. ती अक्षय मात्र नसतात.

आता हैदराबादचे ऊन पाहा. हे शहर सुमारे साडेसतरा अंश उत्तर अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून साधारण ५४० मीटर उंचीवर वसले आहे. वर्षातून दोनदा, ९ मे आणि ३ ऑगस्ट या दिवसांच्या सुमारास, सूर्य येथे भर दुपारी ऐन माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. ऑगस्टात ढगांचे छत्र असते. मे महिन्यात ते नसते. हवेचे तापमान चाळीस अंशांच्या घरात असता उन्हातील काळ्या पृष्ठभागाचे तापमान साठ अंशांच्याही वर जाते. अतिनील किरण रेणूंच्या साखळीवर घाव घालतात, हवेतील प्राणवायू त्या जखमेत शिरतो आणि उष्णता या क्रियेस वेग देते. साखळ्या तुटून आखूड होतात, वरचा थर आकसतो आणि त्यास डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य भेगा पडतात. या भेगांवर आणि उघड्या पडलेल्या शंखजिऱ्याच्या कणांवर प्रकाश विखुरला जातो. म्हणून काळे प्लॅस्टिक पांढरे दिसते. काजळी कोठेही गेलेली नसते. ती आतच असते, पण तिच्यावर जणू धुक्याचा पडदा पडलेला असतो.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. पहिली ही की, तुटलेली साखळी कोणत्याही मलमाने पुन्हा जोडली जात नाही. बाजारातील बाटलीवर काहीही लिहिलेले असो, झालेली हानी झाकता येते, भरून काढता येत नाही. दुसरी ही की, रक्षण करावयाचे ते प्लॅस्टिक काळे असतानाच. पांढरे पडल्यावर धावाधाव करणे म्हणजे वरातीमागून घोडे नेणे होय.

रक्षणाची पहिली पायरी स्वच्छता ही आहे आणि तेथेच सर्वांत अधिक चुका होतात. हैदराबाद शहर ग्रॅनाइटच्या खडकावर उभे आहे आणि येथील धुळीत गारगोटीचे कण विपुल असतात. गारगोटी ही काचेपेक्षाही कठीण असते, मग प्लॅस्टिकची काय कथा! रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी खसाखसा पुसण्याची जी पद्धत घरोघरी दिसते, ती म्हणजे या कणांनी गाडी घासण्याचाच प्रकार आहे. यास्तव प्रथम पाण्याने धूळ भिजवून वाहू द्यावी. नंतर बादलीभर पाण्यात गाडी धुण्याचा सौम्य साबण घालून मऊ केसांच्या ब्रशाने प्लॅस्टिक हलके घासावे. खरबरीत पृष्ठभागाच्या खळग्यांत बसलेला मळ फडक्याने निघत नाही, त्यास ब्रशच लागतो. स्वच्छ पाण्याची दुसरी बादली जवळ ठेवून ब्रश वरचेवर तीत खळबळून घ्यावा. हे काम सावलीत, गाडी निवल्यावर करावे. तापलेल्या प्लॅस्टिकवर साबण वाळतो आणि त्याचेच डाग पडतात.

रबरी नळी मोकळी सोडून गाडी धुण्याचा मोह मात्र आवरावा. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर या शहराने उस्मानसागर व हिमायतसागर बांधले, आणि आज तर त्यास कृष्णा व गोदावरीचे पाणी दुरून आणावे लागते. अशा ठिकाणी दोन-तीन बादल्यांत होणाऱ्या कामासाठी पाण्याचा पाट वाहविणे शोभत नाही. शिवाय विंधणविहिरीचे पाणी पुष्कळदा जड असते. ते अंगावरच वाळू दिले तर क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात आणि प्लॅस्टिक खराब झाले असा भास होतो. असे ठिपके पाण्यात थोडा सिरका घालून पुसले आणि लगेच धुऊन टाकले तर निघतात. चिंचेने तांब्या उजळतो त्यामागे जे आम्लाचे तत्त्व आहे तेच येथेही.

दुसरा नेहमीचा डाग मेणाचा. रंगाला लावावयाचे पॉलिश प्लॅस्टिकच्या किनारीवर सांडते, खळग्यांत सुकते आणि पांढऱ्या रेघा उठतात. शाळेतील मुलांचे पांढरे खोडरबर त्यावर हलकेच चोळले तर त्यातील बराच भाग निघून येतो. याहून उत्तम उपाय म्हणजे पॉलिश करण्यापूर्वी किनारीवर कागदी चिकटपट्टी लावून ठेवणे.

आता घरगुती उपायांकडे वळू. प्लॅस्टिक फिके पडले की खोबरेल चोळावे, असा सल्ला शेजारीपाजारी हमखास मिळतो. या समजुतीस आपल्या भागात एक जुना आधारही आहे. बिदरची बिदरी कला सर्वांस परिचित आहे. जस्त आणि तांब्याच्या मिश्र धातूचे भांडे बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या द्रावाने काळे करतात, त्यातील चांदीची नक्षी तेवढी शुभ्र राहते आणि शेवटी तेलाचा हात फिरविला म्हणजे काळा रंग गडद होतो. परंतु बिदरीचा हुक्का किंवा फुलदाणी दिवाणखान्यात असते. मोटारीचा बंपर रस्त्यावर असतो. खोबरेल सुकत नाही. ते भेगा तात्पुरत्या भरते, म्हणून प्लॅस्टिक दोन दिवस काळे दिसते. मग त्यावर धूळ बसते आणि तिचा राब तयार होतो. अळशीचे तेल सुकते हे खरे, पण उन्हात ते पिवळट व चिकट होत जाते. शिवाय अळशीच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, हा धोका फार थोड्यांना ठाऊक असतो.

रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल यांचा हात फिरविणे तर सर्वस्वी त्याज्य समजावे. हे द्रव पॉलिप्रोपिलीनमध्ये मुरतात, त्यास फुगवितात आणि त्यातील रक्षक द्रव्ये बाहेर ओढतात. आगीचा धोका वेगळाच. काही ठिकाणी गरम हवेच्या झोताने किंवा ज्योतीने प्लॅस्टिक शेकून काळे करून देतात. वरचा थर वितळून भेगा मिटतात, म्हणून क्षणभर चमत्कार वाटतो. पण अशाने उरलेसुरले रक्षक द्रव्य खर्ची पडते, पट्टी वाकडी होते आणि सहा-आठ महिन्यांत पांढरेपणा परत येऊ लागतो. डब्यातील काळा रंग फवारणे हाही टिकाऊ उपाय नव्हे. पॉलिप्रोपिलीनवर रंग सहजी चिकटत नाही. कारखान्यात त्यासाठी पृष्ठभागावर आधी खास संस्कार करतात किंवा खास अस्तर देतात. ते न करता दिलेला रंग पहिल्याच पावसाळ्यानंतर पापुद्र्यांनी सुटतो.

मग लावावे तरी काय? बाजारात मुख्यतः दोन प्रकारची द्रव्ये मिळतात. पहिल्या प्रकारात सिलिकोन असते. ते पृष्ठभागावर पातळ थर धरते, भेगा भरून काढते आणि पाणी दूर लोटते. यांपैकी पाण्यात मिसळलेले, दुधासारखे दिसणारे द्रव्य निवडावे आणि त्यात अतिनील किरणांपासून संरक्षण असल्याचा स्पष्ट उल्लेख पाहावा. तेलकट, फार चकाकणारे द्रव्य धूळ ओढते. प्लॅस्टिक पूर्ण कोरडे करून द्रव्य आधी स्पंजावर घ्यावे, पातळ पसरावे आणि पाच-दहा मिनिटांनी उरलेले पुसून काढावे. हा थर काही आठवडेच टिकतो. म्हणून मार्चपासून जूनपर्यंत दर महिन्यास एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा, असा नेम ठेवणे बरे. हे द्रव्य टायरच्या जमिनीस टेकणाऱ्या भागावर, ब्रेकच्या तबकडीवर, पावलाखालच्या पट्ट्यांवर आणि समोरच्या काचेवर कदापि पडू देऊ नये. तेथील चकाकीची किंमत प्राणांनी मोजावी लागेल. गाडी रंगास द्यावयाची असेल तर सिलिकोन लावल्याचे रंगाऱ्यास सांगावे, नाहीतर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात.

दुसरा प्रकार टिकाऊ लेपाचा. तो पृष्ठभागावर घट्ट बसून कठीण होतो आणि पुष्कळ महिने राहतो. त्याची किंमत अधिक आणि शिस्तही अधिक. आधीचे तेल व सिलिकोन पूर्णपणे काढल्याखेरीज तो धरत नाही. नव्या गाडीवर तो आरंभीच दिला तर पैसा सत्कारणी लागतो.

हीच गोष्ट पुढच्या दिव्यांची. त्यांवरील पूर्वीच्या काचेची जागा आता पॉलिकार्बोनेटने घेतली आहे. उन्हाने तेही पिवळे व अंधुक होते आणि रात्री सोलापूरच्या महामार्गावर रस्ता कमी दिसू लागतो. बंपर पांढरा पडला तर शोभा जाते. दिवा पिवळा पडला तर जिवाशी गाठ असते. म्हणून निगेचा क्रम लावताना दिव्यांस अग्रमान द्यावा.

या सर्व उपायांहून श्रेष्ठ आणि स्वस्त उपाय म्हणजे सावली. छप्पर नसेल तर गाडी उभी करताना तिचे तोंड रोज एकाच बाजूस ठेवू नये, म्हणजे दुपारचे ऊन एकाच अंगावर पडत नाही. झाडाची सावली चांगलीच, मात्र पाखरांची विष्ठा आणि झाडाचा चीक त्याच दिवशी ओल्या फडक्याने काढावा. काचेच्या पायथ्याच्या जाळीत साचलेला पाला पावसापूर्वी काढून टाकावा, नाहीतर पाणी तुंबून आत शिरते.

कोणी म्हणेल की, एवढ्याशा काळ्या पट्टीसाठी हा खटाटोप कशाला? ज्याच्या घरी गाडी हौसेची आहे, त्याने असे म्हणावयास हरकत नाही. परंतु या शहरात हजारो कुटुंबांची चूल भाड्याच्या मोटारीवर चालते आणि ती मोटार बहुधा कर्जाची असते. ती तळपत्या उन्हात दिवसभर फिरते आणि रात्री रस्त्याच्या कडेस उभी राहते. ठिसूळ झालेला बंपर लहानशा धक्क्याने तडकतो आणि त्या दिवसाची कमाई दुरुस्तीत जाते. गाडी विकावयास काढली की गिऱ्हाईक पांढरी किनार पाहूनच किंमत पाडते. अशा माणसाला महिन्यातील अर्धा तास आणि एक लहान बाटली ही चैन नसून शहाणपणाची गुंतवणूक आहे. आणि जो मुलगा आपल्या दारी सकाळी गाडी पुसावयास येतो, त्याच्या हाती रॉकेलचे फडके न देता बादली, ब्रश आणि हातमोजे द्यावेत. त्यात गाडीचे हित आहे आणि त्याच्या हातांचेही.