मुक्तिनाथाची वरची वाट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



देवघरातील शाळिग्राम आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. तो ज्या काळी गंडकीच्या पात्रात सापडतो, तिच्याच खोऱ्यात नेपाळमधील मुक्तिनाथाचे स्थान आहे. अन्नपूर्णा पर्वतसमूहाला वळसा घालणारी जगप्रसिद्ध पायवाट येथूनच जाते. बेसीसहरपासून मर्स्यांगदी नदीच्या काठाने वर चढावयाचे, ५४१६ मीटर उंचीची थोरोंग खिंड ओलांडावयाची, मुक्तिनाथाचे दर्शन घ्यावयाचे आणि काळी गंडकीच्या काठाने खाली उतरावयाचे, असा तिचा क्रम आहे.

गेल्या काही वर्षांत पूर्वेस मनांगपर्यंत आणि पश्चिमेस मुक्तिनाथापर्यंत मोटारीचा रस्ता पोहोचला. आता ती वाट उरली नाही, अशी हळहळ अनेक पदयात्री व्यक्त करतात. आम्हांस ती पूर्णतः पटत नाही. जेथून रुग्णाला माणसांच्या पाठीवरून खाली आणावे लागे, त्या गावाने रस्ता नाकारावा, असे सांगण्याचा अधिकार चार दिवसांच्या पाहुण्यास नाही. मार्फा गावची सफरचंदे याच रस्त्याने बाजारास जातात. शिवाय पायवाट नाहीशी झालेली नाही. ती डोंगरावर सरकली आहे, एवढेच.

पिसांग येथे याचा प्रत्यय येतो. रस्ता खोऱ्याच्या तळाने सरळ मनांगला जातो. पायी जाणाऱ्याने मात्र वरच्या पिसांगमधून घ्यारू आणि नावल या गावांची वाट धरावी. घ्यारूची चढण दमविणारी आहे. परंतु वर पोहोचताच ७९३७ मीटर उंचीचे दुसरे अन्नपूर्णा शिखर अगदी समोर उभे राहते. या वळणास एखादा दिवस अधिक लागतो. तो दिवस वाया जात नाही. ही गावे ३६०० मीटरांहून उंच असल्याने विरळ हवेचा सराव येथेच होऊ लागतो आणि पुढील खिंड त्या मानाने सुसह्य होते.

मनांगहून दुसरी आडवाट ४९१९ मीटर उंचीवरील तिलिचो सरोवराकडे जाते. तिच्यावर दरडी कोसळणारा उतार आहे; तो सकाळच्या वेळी, न रेंगाळता पार करावा. सरोवरापलीकडील मेसोकांतो खिंडीतून थेट जोमसोमला उतरता येते. मात्र तंबू, शिधा आणि जाणता वाटाड्या यांवाचून त्या वाटेस जाऊ नये. मुक्तिनाथाहून जोमसोमला जाताना रस्त्याची धूळ टाळावयाची असेल, तर बोन धर्मीयांच्या लुब्रा गावावरून उतरावे. पुढे तातोपानीला रस्ता सोडून घोरेपानीच्या चढणीस लागले, की पून हिलवरून धवलगिरीचे दर्शन घडते.

पर्यायी वाट म्हणजे साहसाचे आमंत्रण, असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळाच्या अवशेषांमुळे या भागात अकस्मात हिमवृष्टी झाली आणि चाळीसहून अधिक माणसे प्राणांस मुकली. आकाश फिरले असता खालच्या मुक्कामी थांबणे, हाही एक पर्यायच होय. आणि पुष्कळदा तोच उत्तम.

आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे वडीलधाऱ्यांसह वाहनानेच मुक्तिनाथास जातील. त्यांना आमचे विशेष सांगणे आहे. पोखरा सुमारे ८०० मीटरांवर, तर मुक्तिनाथ ३७०० मीटरांहून उंच. ही चढण एका दिवसात उरकू नये. मार्फा वा जोमसोम येथे रात्रीचा मुक्काम करावा. डोके दुखणे, मळमळणे, तोल जाणे ही लक्षणे दिसताच दर्शनाचा हट्ट सोडून खाली उतरावे. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी एखादा दिवस तरी वाहन सोडून वरच्या गावाची वाट चालावी. तेथील घरांत भातडाळ घ्यावी, रात्र काढावी आणि त्याचे योग्य मोल द्यावे. रस्त्याने टाळलेल्या त्या गावांचा संसार अशा पावलांनीही सावरतो.