शांततेचा भाव आणि मतपेटी



परराष्ट्रनीती हा निवडणुकीच्या सभेचा विषय नव्हे, असे पुष्कळांचे मत असते. मतदाराला नळाचे पाणी, धान्याचे दर आणि मुलांची फी यांची चिंता. हिमालयात काय चालले आहे याच्याशी त्याला काय करावयाचे? आम्हांस हे मत मान्य नाही. कारण शोधण्यास फार लांब जावयास नको. आपल्या मुंबईतील एका निवडणुकीची आठवण पुरे आहे.

१९६२ च्या फेब्रुवारीत उत्तर मुंबईतून संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन काँग्रेसतर्फे उभे होते. त्यांच्यासमोर होते आचार्य कृपलानी. एके काळचे काँग्रेसचे अध्यक्ष, आता अनेक विरोधी पक्षांच्या पाठिंब्यावर अपक्ष. चीनशी सरहद्दीवर चकमकी झाल्याचे लोकांना १९५९ पासून ठाऊक होते. लोंगजू आणि कोंगका खिंड ही नावे वर्तमानपत्रांतून घरोघर गेली होती. मेनन यांच्या प्रचारासाठी स्वतः पंडित नेहरू आले. तेव्हा परराष्ट्रनीती व्यासपीठावर नव्हती, असे कोण म्हणेल?

ती होती, पण एका माणसाच्या रूपाने होती. मेनन कम्युनिस्टांचे मित्र की राष्ट्राचे कैवारी, यावर रणे माजली. एका बाजूने १९५७ साली सुरक्षा समितीत त्यांनी काश्मीरवर केलेले सुमारे आठ तासांचे भाषण आणि दोनच महिन्यांपूर्वी मुक्त झालेला गोवा. दुसऱ्या बाजूने सरहद्दीवरील हलगर्जी. लोकांनी कौल दिला आणि मेनन सुमारे १,४५,००० मतांच्या आधिक्याने निवडून आले. २० ऑक्टोबरला चीनने मोठा हल्ला चढविला. ७ नोव्हेंबरला मेनन मंत्रिमंडळातून गेले आणि त्याच महिन्यात संरक्षण खाते सांभाळण्यासाठी यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून दिल्लीस गेले.

आता पाहा, त्या प्रचारात कोणत्या गोष्टींचा निवाडा मतदाराकडे आलाच नाही. एप्रिल १९६० मध्ये चौ एन-लाय दिल्लीस आले होते. पूर्वेकडे भारताने, पश्चिमेकडे चीनने आपापल्या हाती असलेले ठेवावे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. तो स्वीकारावा की नाकारावा? नाकारणे योग्य असेल, तर त्यासाठी लागणारे रस्ते, गरम कपडे, तोफा आणि माणसे आहेत काय? नोव्हेंबर १९६१ मध्ये सरहद्दीवर पुढे सरकून चौक्या उभारण्याचा निर्णय झालेला होता. त्याचीही चर्चा सभेत नव्हती. देवघेव करावयाची तर काही सोडावे लागते, लढावयाचे तर तयारी लागते. दोन्हींचा भाव असतो. उमेदवाराची जात, भाषा आणि स्वभाव यांची चौकशी झाली. भावाची झाली नाही.

हा दोष केवळ आपला नव्हे. शेजारच्या श्रीलंकेत नोव्हेंबर १९९४ मध्ये चंद्रिका कुमारतुंगा शांततेचे आश्वासन देऊन सुमारे ६२ टक्के मतांनी अध्यक्ष झाल्या. युद्धाला कंटाळलेल्या देशाने एवढा स्पष्ट कौल क्वचितच दिला असेल. जानेवारी १९९५ मध्ये तमिळ वाघांशी युद्धविराम झाला. एप्रिलमध्ये वाघांनी त्रिंकोमालीच्या बंदरात आरमारी नौका उडवून तो मोडला. पुढे प्रांतांना अधिक सत्ता देणारी राज्यघटना २००० साली पार्लमेंटात आली, पण दोन-तृतीयांश मते जमेनात आणि ती मागे ठेवावी लागली. शांतता हवी, याला कौल मिळाला होता. कोलंबोने आपल्या हातची किती सत्ता सोडावयाची, याला मिळालेला नव्हता. युद्ध २००९ च्या मे महिन्यापर्यंत चालले.

याच्या उलट उदाहरण उत्तर आयर्लंडचे. एप्रिल १९९८ मध्ये तेथे करार झाला. त्यात दोन्ही पक्षांना गिळण्यास कडू असे पुष्कळ होते. हिंसेच्या गुन्ह्यांत शिक्षा भोगणारे कैदी, त्यांच्या संघटनांनी युद्धविराम पाळल्यास, दोन वर्षांत सुटणार होते. आयर्लंडचे प्रजासत्ताक उत्तरेच्या भूमीवरील आपला घटनात्मक हक्क सोडणार होते. हे कोणी झाकून ठेवले नाही. कराराचा मजकूर छापून उत्तर आयर्लंडमध्ये घरोघर पाठविला गेला आणि २२ मे रोजी मतदान झाले. मुलाच्या मारेकऱ्याची सुटका होणार हे ठाऊक असलेल्या आईबापांनाही त्या दिवशी हो किंवा नाही म्हणावयाचे होते. ७१ टक्क्यांनी होकार दिला. नंतर तेथील संयुक्त सरकार अनेकदा बंद पडले. परंतु कराराचा पाया लोकांनी उखडू दिला नाही. भाव पाहून घेतलेली वस्तू माणूस सहजासहजी टाकीत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. वाटाघाटीस बसणारा आपले पत्ते चौकातल्या सभेत उघडे करील काय? समोरचा तेच धरून बसेल! हे खरे आहे. शेवटी कोठे थांबणार, हे मुत्सद्द्याने सांगू नये. पण काहीच द्यावे लागणार नाही, असेही त्याने सांगू नये. पहिले मौन आहे, दुसरे असत्य आहे. असत्य सांगून निवडून आलेला माणूस वाटाघाटीस बसतो, तेव्हा त्याचे हात त्याच्याच भाषणाने बांधलेले असतात. मग तो तडजोड करील तर विश्वासघातकी ठरतो, न करील तर युद्ध ओढवून घेतो.

म्हणून आमची विनंती उमेदवारांपेक्षा आपणांस आहे. मंडईत आपण भाव विचारल्यावाचून वांगीसुद्धा पिशवीत टाकीत नाही. पुढल्या निवडणुकीत आपल्या चौकात कोणी शेजाऱ्याला धडा शिकविण्याची भाषा करील, कोणी शेजाऱ्याशी मैत्रीची. दोघांनाही शांतपणे विचारा: यासाठी काय द्यावे लागेल, ते कोण देणार, आणि हे फसले तर पुढे काय? उत्तर अपुरे येईल, कधी टाळाटाळ होईल. तरी प्रश्न विचारला गेला, हे सभेत बसलेल्या चारशे माणसांना कळेल आणि पुढच्या सभेस उमेदवार थोडी तयारी करून येईल. १९६२ च्या हिवाळ्यात सुती कपड्यांत हिमालयावर चढलेल्या जवानांच्या वतीने तो प्रश्न फेब्रुवारीतच कोणी विचारावयास हवा होता.