काटकसर कोणाच्या जिवावर?

(श्रावणात झालेल्या महिला गटांच्या मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)

श्रावण लागला की दिवाळी संपेपर्यंत आपल्या घरांत सणांची रांग लागते. मंगळागौर, गणपती, गौरी, नवरात्र, दसरा, दिवाळी. मी ज्या वस्त्यांमध्ये काम करते, तिथल्या बचत गटांत याच महिन्यांत कर्जाचे अर्ज वाढतात. अर्जावर कारणाच्या रकान्यात ‘सण’ असं कोणी लिहीत नाही. ‘घरखर्च’ लिहितात, ‘आजारपण’ लिहितात. हप्ता मात्र संक्रांत उलटली तरी चालू असतो. म्हणून संयोजक मैत्रिणींनी ‘सणातली काटकसर आणि कचरा’ हा विषय सुचवला तेव्हा मला तो मोलाचा वाटला.

पण खरं सांगायचं तर काटकसर ही बाईला शिकवायची गोष्ट नाही. पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी ती ओतून देत नाही, त्याची कटाची आमटी करते. भाजणी उरली तर थालीपिठं होतात. पाक उरला तर शंकरपाळ्यांत जातो. पोळ्या उरल्या तर सकाळी फोडणीची पोळी. जुन्या साडीची गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं. हे सगळं आपल्या आया-आज्यांनी कोणत्याही भाषणाशिवाय केलं. मग आज बोलायचं काय? तर ही काटकसर कोणाच्या जिवावर चालते, हे.

पहिला मुद्दा उरलेल्या अन्नाचा. गौरीजेवणाला कितीतरी घरांत सोळा भाज्या करतात, पंचपक्वान्नं करतात. मागून बसणारी बाई सगळ्यांची ताटं उचलून मग जेवते. दुसऱ्या दिवशी घरातल्यांना ताजं हवं असतं आणि ‘अन्न टाकायचं नाही’ हा नियम एकटी ती पाळते. म्हणजे घरात काही वाया जात नाही, कारण ते तिच्या पोटात जातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, पुरुषांमध्ये हे प्रमाण २५ टक्के होतं. याला कारणं अनेक आहेत. पण शेवटी जेवणं, उरलंसुरलं खाणं आणि उपासांचा भार, या सवयींकडे काटकसरीचा गुण म्हणून पाहणं आपण थांबवलं पाहिजे. तळणीच्या तेलाचंही तेच. काळं पडलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवून संपवणं ही बचत नाही, तो दवाखान्याचा खर्च आहे. लहान कढईत थोडं थोडं तेल घेऊन तळलं, तर उरतंच कमी.

दुसरा मुद्दा वेळेचा. ‘फराळ घरी केला की स्वस्त पडतो’ असं आपण म्हणतो. हिशेबात तेल, साखर, रवा, गॅस धरतो. दोन दिवस चुलीपुढे बसलेल्या बाईची मजुरी धरत नाही. गंमत पाहा, तीच बाई बचत गटाच्या ऑर्डरीसाठी चकल्या पाडते तेव्हा किलोमागे दर ठरतो. त्याच हातांची तीच चकली स्वतःच्या घरात मात्र फुकट. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरची बिनमोबदला कामं करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, तर ती करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ आले. हे झाले एरवीच्या दिवसांचे. दिवाळीच्या आधीचा आठवडा प्रत्येकीने स्वतः मोजून पाहावा.

आता यात पर्यावरणाची भर पडली आहे. थर्माकोल नको, कापडी मखर करा. शाडूची मूर्ती आणा, घरीच बादलीत विसर्जन करा. निर्माल्याचं खत करा. प्लास्टिकच्या पत्रावळी नकोत, स्टीलची ताटं काढा. यातली एकही गोष्ट चुकीची नाही. पण मखर शिवायचं, धुवायचं, इस्त्री करून ठेवायचं कोणी? निर्माल्यातले दोरे आणि प्लास्टिक वेगळं करायचं कोणी? चाळीस ताटं घासायची कोणी? निर्णय सगळ्या घराने घ्यायचा आणि राबायचं एकीने, असं झालं तर ते पर्यावरणाचं काम उरत नाही. ती बाईच्या कामाच्या यादीत आणखी एक ओळ होते.

मग ‘सोडून द्या हे सगळं’ असं म्हणायचं का? तसंही म्हणता येत नाही. कारण आपण टाकलेला कचरा पुढे जातो तो बहुतेक वेळा दुसऱ्या बाईच्याच हातात. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, पुढे २००८ पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करू लागली. या कामात बहुसंख्य स्त्रिया आहेत, त्यातल्या अनेक दलित आहेत. लाडवाचा चुरा, फुटलेल्या पणत्या, फुलांचा चिखल आणि प्लास्टिक एकाच पिशवीत कोंबून आपण दाराबाहेर ठेवतो, तेव्हा ते हाताने वेगळं करण्याचं काम तिच्यावर ढकलतो. पणतीच्या काचऱ्याने तिचाच हात कापतो.

आणि तिसरी बाई म्हणजे आपल्यापैकी अनेकींच्या घरी काम करणारी. दिवाळीच्या साफसफाईत तिचं काम दुप्पट होतं. तिला आपण काय देतो? मऊ पडलेल्या चकल्या, विटलेली साडी, आणि वर ‘वाया घालवू नये म्हणून दिलं’ हे समाधान. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. पण दिवाळीला एक महिन्याचा पगार बोनस म्हणून मागायला आजही तिची जीभ अडखळते. तिचा बोनस कापून केलेली बचत ही काटकसर नव्हे.

तेव्हा यंदा गटागटांत काय करता येईल, याबद्दल माझ्या काही सूचना.

एक: सणाच्या पंधरा दिवस आधी घरातल्या सगळ्यांना बसवून वही उघडा. एका पानावर खर्च लिहा, समोरच्या पानावर कामं लिहा, आणि प्रत्येक कामापुढे नाव घाला. सगळीकडे एकच नाव आलं, तर कामं कमी करा. बाजारहाट, नारळ खवणं, लाडू वळणं, भांडी घासणं या कामांना पुरुषांचे हात चालतात.

दोन: पदार्थ कमी करा. पाच घरांनी एकेक पदार्थ करून वाटून घेतला, तर पाच कढया पाच वेळा तापत नाहीत. सोळा भाज्या हव्याच असतील तर चार घरांनी मिळून आणा, पाव-पाव किलोचं उरत नाही. आणि या कामात विधवा, परित्यक्ता, एकट्या राहणाऱ्या मैत्रिणींना मानाने बरोबर घ्या.

तीन: सगळ्यांनी एकत्र जेवायला बसा. उरलंच तर दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या ताटात वाढा.

चार: गटाने वर्गणी काढून ताटं, वाट्या, पेले यांचा एक संच घ्या. गल्लीतल्या कार्यक्रमांना तोच वापरा. मंडळाला द्याल तेव्हा घासून परत करायची अट घाला, आणि घासणारे मंडळाचे कार्यकर्ते असू द्या.

पाच: ओला-सुका कचरा वेगळा करणं आणि निर्माल्य नेऊन देणं ही कामं घरातल्या मुलग्यांकडे सोपवा. फुटलेल्या पणत्या आणि काच कागदात गुंडाळून वर खूण करा.

सहा: नवरात्रात वर्तमानपत्रांतून रोजचा एक रंग छापून येतो आणि ऑफिसात तो सक्तीसारखा पाळला जातो. नऊ रंगांसाठी नव्या साड्या घेणार नाही, असं चार-पाच जणींनी मिळून ठरवलं की एकटीला टोमणे बसत नाहीत.

मैत्रिणींनो, यातलं काही केलं तर घरात बोलणी बसतील. ‘हिला सणाचं काही नाही’ असं म्हटलं जाईल. एकटीने हे ऐकणं अवघड असतं, म्हणूनच गट हवा. सण आपल्यालाही आवडतात. रांगोळी, फुगडी, गौरीचा जागर, दिव्यांची संध्याकाळ यांत आपलंही मन रमतं. पण त्या संध्याकाळी पाठ टेकायला जागा शोधणारी बाई सणात नसते, ती फक्त कामावर असते. दिवाळीनंतरच्या बैठकीला प्रत्येकीने आपली वही घेऊन या. पैसे किती वाचले हे तर लिहाच, शिवाय त्या आठवड्यात तुम्ही किती तास झोपलात तेही लिहा. या वेळी हिशेब दोन्हींचा करू.