शंभर डॉलरचं शहर

आज बोलूया अमेरिकेतल्या 'फ्युचर सिटी' स्पर्धेबद्दल. मुख्यतः सहावी ते आठवीची मुलं, सोबत एक शिक्षक आणि एक इंजिनिअर. कित्येक वर्षं या मुलांनी आधी 'सिमसिटी' गेममध्ये शहर वसवलं, मग टाकाऊ वस्तूंमधून त्याचं मॉडेल बनवलं. खर्चाची मर्यादा १०० डॉलर, आणि मॉडेलमध्ये निदान एक भाग हलता हवाच.

आता गेममध्ये काय होतं बघा. पाण्याचा पंप कारखान्याला खेटून लावला, की नळाला घाण पाणी. लोक आजारी पडतात, घरं सोडतात, कर बुडतो. कुणी ओरडत नाही, मार्क कापत नाही. चूक स्वतःच दिसते. मग पंप हलवायचा, पुन्हा बघायचं. इंजिनिअरिंग म्हणजे हेच की!

मी बीटेक केलं, फॉर्म्युले पाठ केले. पण 'हे इथेच का?' हा प्रश्न मला नोकरीत, माझाच कोड कोसळल्यावर पडला. या मुलांना तो बाराव्या वर्षी पडतो.

तुमच्या घरी सातवीतला कुणी असेल, तर आज एवढंच विचारा: आपल्या गल्लीतलं सांडपाणी जातं कुठे? आणि मग दोघं मिळून शोधा. भेटू पुढच्या भागात!