गच्चीवरच्या सोलरची गोष्ट
(सर्वसाधारण सभेतील मनोगत)



मागच्या थंडीत सकाळी नळाला कोमट पाणी यायला लागलं आणि सगळ्यांनी उन्हाला बोल लावला. उमरग्यात उन्हाचा तुटवडा! घरोघरी गिझर बसवायचा ठराव तर आपण जवळजवळ मंजूरच केला होता. एका रात्री गच्चीवर गेलो, तर सोलरचा पंप चालू.

कंट्रोलर दोनच तापमानं बघतो, वर पॅनेलचं आणि टाकीचं. पॅनेल टाकीपेक्षा सात-आठ अंशांनी जास्त तापलं की पंप सुरू, फरक दोन-तीन अंशांवर आला की बंद. आपल्या टाकीचा सेन्सर जागेवरून निसटून हवेत लोंबत होता. त्याच्या लेखी टाकी गारच. दिवसा सुरू झालेला पंप मग थांबेचना. टाकीतलंच गरम पाणी रात्रभर पॅनेलमध्ये फिरून ऊब आभाळाला वाटून येई. टाकी धुताना वायर ओढली गेली होती, आणि खरं सांगायचं तर तेव्हा तिथं मीच उभा होतो.

सेन्सर परत खोबणीत घट्ट बसवला, वायर पट्टीनं बांधली. दुसऱ्या दिवशी पाणी कढत.

आता बोअरच्या जड पाण्याचा क्षार पाइपांत बसलाय, तो दिवाळीआधी काढायचाय. शिडी धरायला दोघं तरी या.